पोच मिळते, उत्तर मिळत नाही

मंडळी, पोस्ट जरा मोठी झालीय. ज्यांचं नाव घरकुलाच्या यादीत आहे, ज्यांचं कटलंय आणि 'आमचा नंबर मागं कसा गेला' म्हणून जे मला फोन करतात, त्या सगळ्यांनी सवडीनं वाचावी. फोनवर एकेकाला अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो.

शिरोळ तालुक्यात बातमीदारी करताना एक गोष्ट फार वर्षं बघतोय. माणसं माझ्याकडं घर मागायला येत नाहीत, मी कोण घर देणार? ती येतात कागदांची पिशवी घेऊन. मध्यंतरी नदीकाठच्या एका गावच्या मावशी आल्या होत्या. साठीच्या पुढच्या, नवरा गेलेला, लेक लग्न होऊन सासरी, घरात एकट्या. पिशवीत २०१९ च्या पुरानंतरच्या पंचनाम्याची झेरॉक्स, पडक्या भिंतीचे स्टुडिओतनं काढून आणलेले चार फोटो, रेशनकार्ड आणि घरकुल प्राधान्यानं मिळावं म्हणून दिलेले तीन अर्ज. तीन वेगवेगळ्या वर्षांचे. तिन्हींवर गोल शिक्का, आवक नंबर, तारीख, खाली सही. पोच अगदी बिनचूक. उत्तर एकाचंही नाही. मावशी म्हणाल्या, "नाही म्हणून तरी लिहून द्या की. म्हंजे मी गप बसते."

घरं कमी आणि मागणारे जास्त म्हटल्यावर रांग लागणारच, हे मावशींना कळतं. रांगेत उभं राहायला माणूस तयार असतो. पण आपण कितवे, आपल्या पुढं कोण, आणि आपल्याला मागं सारलं असेल तर कशामुळं, हे लेखी सांगायची सवय आपल्या यंत्रणेला नाही. आणि ते सांगितलं जात नाही म्हणूनच पुढाऱ्याच्या चिठ्ठीला किंमत येते. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळा त्याचा तपशील.

आधी यादी कशी तयार होते ते बघू, कारण निम्मी भांडणं ते माहीत नसल्यानं होतात.

इंदिरा आवासच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली २०१६ ला. पहिली यादी निघाली २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात जनगणनेवरून. त्यात आधी बेघर, भीक मागून जगणारे, वेठबिगारीतून सुटलेले अशांचा नंबर. मग घराच्या खोल्या आणि भिंत-छप्पर बघून गट. त्या गटात परत गुण. घरात १६ ते ५९ वयाचं कुणी नाही, कर्ता पुरुष नाही आणि घर बाईच्या जिवावर चाललंय, २५ वर्षांवरचं कुणी साक्षर नाही, अपंग माणूस आहे आणि सोबत धडधाकट कुणी नाही, जमीन नाही आणि मजुरीवर पोट आहे. गुण सारखे पडले तर शहीद जवानांची कुटुंबं, कर्करोग किंवा कुष्ठरोगाचे रुग्ण, एकुलती एक मुलगी असलेलं घर, अशांना पुढं घ्यायचं. ही मांडणी डोकं लावून केलेली आहे, मी तिला नावं ठेवणार नाही.

फक्त या गुणांत 'पूर' हा शब्द कुठं नाही. ज्या तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा चारी नद्यांचं पाणी शिरतं, तिथं घर दर काही वर्षांनी आठ-आठ दिवस पाण्यात बुडतं याला शून्य गुण. आपत्तीसाठी राज्यानं केंद्राकडं वेगळा प्रस्ताव पाठवायची सोय योजनेत आहे, पण तो प्रस्ताव मावशी पाठवू शकत नाहीत. नृसिंहवाडीत पाणी मंदिरात आलं की आपण दक्षिणद्वाराचं स्नान करतो, त्याच पाण्याची घराच्या भिंतीवरची रेघ मात्र सरकारी कागदावर उमटत नाही.

पुढची गंमत तारखांची आहे. २०११ च्या यादीत जे सुटले त्यांच्यासाठी 'आवास प्लस' नावाचं सर्वेक्षण झालं, जानेवारी २०१८ ते मार्च २०१९. आपल्याकडं त्यालाच 'ड यादी' म्हणतात. मार्च २०१९ ला सर्वेक्षण बंद झालं. ऑगस्ट २०१९ ला आपण पाण्यात होतो. म्हणजे जे घर त्या पुरात बसलं, ते यादीच्या लेखी धड उभं आहे. मग जुलै २०२१ ला दुसरा महापूर. यादी तीच. केंद्रानं पुढच्या टप्प्याला मंजुरी दिली ऑगस्ट २०२४ ला, नवं सर्वेक्षण झालं २०२५ मध्ये. मधल्या सहा वर्षांत 'माझं घर पडलंय, मला पुढं घ्या' एवढं सांगायला अर्ज सोडून दुसरा मार्ग नव्हता. आणि अर्जाचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

आता कुणी म्हणेल, घर पडलं त्याची नुकसानभरपाई वेगळी मिळते की. मिळते, खरं आहे. २०२१ च्या पुरानंतर राज्य सरकारनं पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, निम्म्या पडझडीला ५० हजार, पाव पडझडीला २५ हजार अशी मदत जाहीर केली होती. पण पूर्ण, निम्मं की पाव हे ठरतं पंचनाम्यात, आणि पंचनामा होतो पाणी ओसरल्यावर लगेच. आपल्या नदीकाठच्या जुन्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या. ही भिंत पाण्यात असताना उभी राहते. पाणी उतरलं, आठ-पंधरा दिवस ऊन लागलं, की तिला तडे जातात, पोट सुटतं आणि एखाद्या रात्री ती बसते. पंचनामा करणारा येऊन गेला तेव्हा ती उभी होती, त्यानं पाव लिहिलं, त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण महिन्यानं भिंत पडल्यावर त्या पंचनाम्यावर दुसऱ्यांदा नजर कोण टाकणार? पुनर्पंचनाम्याचा अर्ज द्या म्हणतात. दिला. पोच मिळाली.

शिवाय योजनेच्या निकषात भिंतही कच्ची लागते आणि छप्परही. भिंत मातीची पण वर पत्रा घातलेला, असं घर आपल्याकडं गल्लीत एकाआड एक सापडेल. कर्ज काढून, मुलींचे दागिने मोडून घातलेला तो पत्रा यादीतनं नाव जायला पुरतो. मोटारसायकलचं तसंच. घरात दुचाकी, फ्रिज किंवा साधा टेलिफोन असला तरी आधी नाव बाद व्हायचं. दूध घालायला पोरानं सेकंडहँड गाडी घेतली आणि घर गेलं, असे किती तरी लोक मला भेटलेत. २०२४ ला या तिन्ही अटी काढल्या, उत्पन्नाची मर्यादा महिना १० हजारांवरून १५ हजारांवर नेली. चांगलं केलं. पण गाडीपायी ज्यांचं नाव कटलं होतं, त्यांना 'नियम बदललाय, पुन्हा नोंद करा' असं कुणी घरी जाऊन सांगितलं का? ज्याच्या घरात स्मार्टफोन आणि शिकलेलं पोरगं, त्यानं मोबाईलवर स्वतःची नोंद केली. मावशींच्या घरात दोन्ही नाही.

बरं, तक्रारीला दार नाही असं नाही. नियमात आहे, आणि नीट आहे. यादी ग्रामसभेपुढं ठेवायची. ग्रामसभेला नाव कमी करता येतं, गटातल्या गटात क्रम बदलता येतो, पण कारण इतिवृत्तात लिहायला लागतं. मग यादी लोकांना दिसेल अशी लावायची. ज्याचं नाव गेलं किंवा नंबर मागं पडला, त्यानं गटविकास अधिकाऱ्याकडं तक्रार द्यायची, त्यानं चौकशी करून अहवाल जिल्ह्याच्या अपील समितीला द्यायचा, आणि समितीनं निर्णय करायचा. कागदावर ही सोय कुठल्याही प्रगत देशाच्या तोडीची आहे.

प्रत्यक्षात ग्रामसभेत काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. यादी भराभर वाचली जाते, निम्म्या लोकांना ऐकू जात नाही, रजिस्टर फिरतं, सह्या होतात आणि 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं जातं. नाव कटल्याचं कारण 'अपात्र' असं एका शब्दात. अपात्र कशामुळं? पत्र्यामुळं, गाडीमुळं, आधार जुळत नाही म्हणून, का सरपंचाच्या विरोधात मतदान केलं म्हणून? चारही कारणं एका शब्दात मावतात आणि ज्याला जे सोयीचं ते तो धरून चालतो. अलीकडं आणखी एक उत्तर ऐकायला मिळतं, 'सिस्टीमनं रिजेक्ट केलं'. सिस्टीम म्हणजे काय कुणी बाहेरची सावकारीण आहे का? तिच्यात आपणच भरलेलं असतं.

सगळ्यात जास्त गैरसमज प्रवर्गाचा. उद्दिष्ट येतं ते प्रवर्गाप्रमाणं. अनुसूचित जाती-जमातींसाठी किमान ६० टक्के, अल्पसंख्याकांचं वेगळं, अपंगांसाठी ५ टक्के. त्यामुळं सर्वसाधारण यादीतला बारावा थांबतो आणि दुसऱ्या यादीतल्या तिसाव्याला घर मिळतं. यात वशिला नाही, त्या रांगाच वेगळ्या आहेत. वर रमाई, शबरी, ओबीसींसाठी २०२३ पासूनची मोदी आवास, या राज्याच्या योजनांचे पैसे आणि याद्या पुन्हा निराळ्या. हे पाच मिनिटांत ग्रामसभेत समजावता येतं. कुणी समजावत नाही, मग गावात जातीजातींत उगाच वाकडं येतं. मी स्वतः असे दोन वाद बघितलेत, जिथं एक साधी छापील शीट चिकटवली असती तर मारामारीपर्यंत गेलं नसतं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये मला सरकारी मित्र धरतील. ग्रामसेवकाकडं (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) कधी कधी दोन-दोन गावं असतात. घरकुलाचे हप्ते, फोटो, करवसुली, निवडणुकीची कामं, सगळं एका माणसावर. आणि आपण पण काही कमी नाही. गोठ्यापुढं उभं राहून फोटो काढून 'हे माझं घर' म्हणणारे आहेत. एका घरात तीन चुली दाखवून तीन रेशनकार्डं काढणारे आहेत. शहरात फ्लॅट आणि गावात कच्चं घर, असेही आहेत. खोट्या अर्जांच्या ढिगात खरा अर्ज दबतो, हे अधिकाऱ्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण त्यावरचा इलाजही तोच ना? प्रत्येक अर्जावर कारणासहित निकाल द्या आणि तो बोर्डावर लावा. खोटा अर्ज गावाला बरोबर ओळखतो येतो, फक्त तो गावाला दिसला पाहिजे.

उत्तर आलं नाही की माणूस काय करतो? साहेबांच्या ऑफिसात जातो. तिथं त्याला चहा मिळतो, नाव विचारलं जातं आणि एक पत्र मिळतं, 'सदर कुटुंब अत्यंत गरजू असून प्राधान्याने विचार व्हावा'. हे पत्र नियमात कुठं बसत नाही. गुणांच्या तक्त्यात आमदार-खासदारांच्या शिफारशीला एकही गुण नाही. तरीही त्या पत्राची फाईल हलते असं माणसाला वाटतं, आणि कधी कधी ती हलतेही. समजा नियमानंच त्याचा नंबर आला असला, तरी तो आयुष्यभर म्हणणार की साहेबांनी दिलं. हक्काचं घर उपकाराचं होतं ते असं. पुढाऱ्याचं यात काही जात नाही, उलट मतं पक्की होतात. म्हणून लेखी उत्तराची पद्धत यावी यासाठी कुठलाच पक्ष आंदोलन करत नाही, आणि सगळ्या पक्षांच्या मोर्चांच्या बातम्या केलेला माणूस म्हणून हे सांगतो.

चिठ्ठीवर घरं वाटली की काय होतं हे महाराष्ट्रानं बघितलेलं आहे. मुख्यमंत्र्यांच्या अखत्यारीत १० टक्के सदनिकांचा कोटा असायचा. घर नसलेल्या, कमी उत्पन्नाच्या माणसाला अडचणीत मदत व्हावी हा हेतू. नाशिकमध्ये या कोट्यातून सदनिका मिळवताना खोटी माहिती दिल्याची तक्रार माजी मंत्री तुकाराम दिघोळे यांनी १९९५ साली केली होती. त्या खटल्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये नाशिकच्या न्यायालयानं तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. प्रकरण पुढं वरच्या न्यायालयांत गेलं, तिथं काय व्हायचं ते होईल. मला त्यात दिसतं ते एवढंच, की एका घराच्या वाटपाची तक्रार आणि पहिला निकाल यांत जवळपास ३० वर्षं गेली. तीस वर्षांत पांढऱ्या मातीचं घर दोनदा पडून तिसऱ्यांदा उभं राहतं.

म्हाडाचं याच्या उलट. आपला कोल्हापूर जिल्हा म्हाडाच्या पुणे मंडळात येतो. तिथं 'मला आधी द्या' म्हणायला वावच नाही, संगणकावर सोडत निघते. कुणाला किती टक्के राखीव ते जाहिरातीत छापलेलं असतं. पत्रकारांनाही अडीच टक्के आहेत. माझ्या पेशाची माणसं रांगेत पुढं का, हे मला कधी नीट पटलेलं नाही, पण निदान ते उघड लिहिलेलं आहे, त्यावर भांडता येतं. २०२३ पासून कागदपत्रांची छाननी सोडतीच्या आधी होते, त्यामुळं नंबर लागून नंतर अपात्र ठरायचा त्रासही कमी झाला. सोडतीत गरज बघितली जात नाही, हा तिचा मोठा दोष. आठ दिवस पाण्यात राहिलेली मावशी आणि भाड्याच्या चांगल्या फ्लॅटमधला नोकरदार तिथं एकाच माळेचे मणी. म्हणून मी घरकुलाची सोडत काढा असं म्हणणार नाही. गरज मोजायची पद्धत बरोबरच आहे. पण गरज मोजायची म्हटली की चूक होणार, आणि चूक होणार म्हटलं की अपील ऐकायला कुणीतरी बसलेलं पाहिजे.

इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या घरांसाठी अशीच गरजेची रांग असते आणि तीही वर्षानुवर्षं सरकत नाही. तिथले लोकही वैतागलेले असतात. पण १९९६ च्या त्यांच्या गृहनिर्माण कायद्यानं अर्जदाराला फेरविचार मागायचा आणि निर्णयाची कारणं कळायचा हक्क दिलाय. घर नाही मिळालं तरी का नाही मिळालं याचं पत्र हातात पडतं. ते पत्र घेऊन माणूस वकिलाकडं जाऊ शकतो. आपली पोच घेऊन वकिलाकडं गेलं तर तो विचारतो, आव्हान कशाला द्यायचं? निर्णय कुठाय?

आणि यासाठी विलायतेला जायची गरज नाही, आपल्याकडं कायदा आहेच. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४, त्यातला पोटभाग १ चा ड. प्रशासकीय निर्णयाचा ज्याच्यावर परिणाम होतो त्याला त्या निर्णयाची कारणं कार्यालयानं स्वतःहून द्यायची आहेत. मागायची सुद्धा गरज नाही. राज्याचा दफ्तर दिरंगाईचा कायदाही २००५ चाच, त्याप्रमाणं एका टेबलावर फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये. या दोन्ही कायद्यांना वीस वर्षं झाली.

म्हणून मावशींसारख्यांना मी आता वेगळं सांगतो. 'घरकुल मिळावे ही विनंती' असा अर्ज चौथ्यांदा लिहू नका. तक्रार लिहा, विषयात 'प्राधान्यक्रमाबाबत अपील' असं स्पष्ट टाका, ग्रामसभेची तारीख घाला, आपल्याला कुठले गुण मिळायला हवे होते ते लिहा. सोबत माहिती अधिकाराचा वेगळा अर्ज: माझ्या प्रवर्गाची यादी, माझा क्रमांक, मला दिलेले गुण, माझ्या अपिलावर आजपर्यंत झालेली कार्यवाही आणि फाईल सध्या कुणाच्या टेबलावर आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला त्याची फी लागत नाही, फक्त दाखला जोडावा लागतो. लोकशाही दिन दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात असतो, तिथंही नेता येतं. लिहायला जमत नसेल तर गावातल्या बारावी झालेल्या पोरापोरींनी हे काम करावं, गणेश मंडळाच्या वर्गणीला फिरता तसं चार संध्याकाळी फिरा.

प्रशासनाकडं मागणं दोनच. अपील समितीकडं आलेली प्रत्येक तक्रार, तिचा नंबर आणि तिच्यावरचा दोन ओळींचा निकाल ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागावा. आणि २०२५ च्या सर्वेक्षणाची यादी जेव्हा ग्रामसभेपुढं येईल, तेव्हा नदीकाठच्या गावांत २०१९ आणि २०२१ चे पंचनामे शेजारी ठेवून ती वाचावी. पंचनामे तहसीलमध्ये आहेत, यादी पंचायत समितीत आहे. दोन्ही कागद एका टेबलावर आणायला कुठल्या जीआरची वाट बघायची गरज नाही.

या यादीवर ग्रामसभा होतील तेव्हा मी जमेल तितक्या गावांत येणार आहे. तोवर एक काम करा. प्राधान्यासाठी किंवा नाव कटल्याबद्दल तुम्ही जो अर्ज दिला असेल त्याच्या पोचेचा फोटो मला मेसेंजरवर पाठवा. आधार नंबर झाका, कमेंटमध्ये टाकू नका. गाव, तारीख आणि उत्तर आलं का नाही एवढं लिहा. आणि कुणाला खरोखर कारणासहित लेखी उत्तर आलं असेल, होकार असो की नकार, तर ते आधी पाठवा. ते इथं छापायला मला मनापासून आवडेल.